एक तारा, पाच तारे आणि स्पॅनिशचं पहिलं पुस्तक

पत्र:

ताई, नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो, वय ३४. वाळूजच्या एका औषध कंपनीत रेग्युलेटरी विभागात आहे. आमचा माल मेक्सिको, कोलंबिया, पेरू इकडे जातो आणि तिकडच्या सरकारी खात्यांची पत्रं स्पॅनिशमध्ये येतात. आजवर भाषांतर बाहेरून करून घेत होतो. आता साहेब म्हणतात, तूच शीक, ए-वनची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा पास झालास तर फी कंपनी देईल. पुण्यात क्लासला जाणाऱ्या मित्राने त्यांचं पुस्तक सुचवलं, ते मागवलं. उघडून बघतो तर पहिल्या पानापासून सगळं स्पॅनिश! सूचनासुद्धा स्पॅनिशमध्ये. मग ऑनलाइन लोकांची मतं वाचली. निम्मे म्हणतात याच्यासारखं पुस्तक नाही, निम्मे म्हणतात पैसे पाण्यात. कुणीतरी 'मॅड्रिगल्स मॅजिक की टू स्पॅनिश' नावाचं इंग्रजीतून शिकवणारं जुनं पुस्तक घ्या म्हणतंय, त्यावरही तशीच भांडणं. भाऊ म्हणतो, पुस्तकं कसली घेतोस, ॲप टाक. हे पुस्तक परत करू का? कुणाचं ऐकू?
ता. क. शब्दांचे उच्चार मी देवनागरीत लिहून ठेवतोय. मित्र म्हणतो ही वाईट सवय आहे. खरं का?

उत्तर:

नमस्कार. पुस्तक परत करू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण परत करायची मुदत संपेपर्यंत तुम्ही रिव्ह्यूच वाचत बसाल अशी मला दाट शंका आहे.

तुमच्या पत्रात त्या पुस्तकाचं नाव होतं, ते मी इथे गाळलंय. जे सांगणार आहे ते स्पेनमध्ये छापलेल्या त्या जातीच्या बहुतेक पुस्तकांना लागू पडतं, एकट्या त्याच पुस्तकाला नाही. या पुस्तकांत इंग्रजी नसतं याची कारणं दोन. एक साधं, धंद्याचं. बार्सिलोना-माद्रिदचा प्रकाशक तेच पुस्तक जर्मनीत, ब्राझीलमध्ये, जपानमध्ये आणि आपल्याकडे विकतो, मग समजावून सांगणार कुठल्या भाषेत? दुसरं कारण शिकवण्याच्या पद्धतीचं. नियम आधी सांगायचा नाही. दोन-चार संवाद पुढे ठेवायचे, त्यातून विद्यार्थ्याने तो हुडकायचा आणि लगेच शेजारच्याशी बोलून वापरायचा. वर्गात ही पद्धत झकास चालते, कारण विद्यार्थी अडला की हातवारे करून, फळ्यावर चित्र काढून, प्रसंगी नाचून दाखवायला शिक्षक उभा असतो. मी स्वतः अशा पुस्तकांवर वर्ग घेते, आणि खरं सांगायचं तर पहिला आठवडा मी निम्मी शिक्षिका आणि निम्मी नटी असते.

आता ती मतं पुन्हा वाचा. पाच तारे देणारे बहुतेक क्लासला जाणारे किंवा शिकवणारे निघतील. एक तारा देणारे घरी एकट्याने शिकणारे. दोघंही खरं बोलताहेत. म्हणून 'पुस्तक चांगलं की वाईट' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि मत देणारा कुठे बसून शिकत होता तेवढं शोधा. 'आमचे सर', 'माझा बॅच', 'सेल्फ स्टडी' असा एखादा शब्द बहुतेक मतांत सापडतोच. तो सापडला नाही तर ते मत तुमच्या कामाचं नाही, तारे कितीही असोत.

काही तक्रारी तर पुस्तकाबद्दल नसतातच. सीडी आली नाही, कोपरा दुमडलेला होता, छपाई फिकट आहे, हे सगळं दुकानदाराच्या खात्यावर टाका. आणखी एक गोंधळ असतो. विक्रीच्या पानावर जुन्या आणि नव्या आवृत्तीची मतं बऱ्याचदा एकत्र कोंबलेली असतात. 'किमती पेसेतामध्ये आहेत, कुठल्या जमान्यातलं पुस्तक' असं कुणी लिहिलं असेल तर त्याच्या हातात २००२ च्या आधीची प्रत होती असं धरून चाला, कारण पेसेता हे स्पेनचं जुनं चलन आणि त्या वर्षी तिथे युरोच्या नोटा आल्या. तुम्ही घेतलेली प्रत नवी आहे ना, हे ओळखायची आणखी एक खूण म्हणजे वर्णमालेचं पान. ते छापलेलं असेल तर अक्षरं मोजा. २०१० मध्ये स्पॅनिश अकादमीने 'च' (ch) आणि 'ल्य' (ll) या जोडअक्षरांना वर्णमालेतून रजा दिली, तेव्हापासून अक्षरं २७. तुमच्या पानावर २९ निघाली तर मजकूर जुना आहे.

'उत्तरं दिलेली नाहीत' ही तक्रार मात्र खरी आणि वजनदार आहे. वर्गासाठी केलेल्या पुस्तकांत उत्तरं अनेकदा शिक्षकांच्या वेगळ्या पुस्तकात किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर असतात. एकट्याने शिकणाऱ्याला आपण बरोबर की चूक हेच कळत नाही, मग तो वैतागून एक तारा देतो. तुम्ही आजच एक काम करा. मलपृष्ठ आणि शेवटची पानं नीट बघा, संकेतस्थळावर प्रत नोंदवायची सोय आहे का पाहा आणि उत्तरं व ऑडिओ दोन्ही उतरवून घ्या. पुस्तकाच्या शेवटी ऑडिओतल्या संवादांचा लिखित मजकूरही असण्याची शक्यता आहे. तो असला तर एकदा नुसतं ऐका, मग मजकूर वाचत ऐका, मग पुन्हा नुसतं ऐका. मजकूर आधी वाचला की कान काम करायचं सोडून देतो.

त्या स्पॅनिश सूचनांचं काय? इथे लोक उगाच घाबरतात. पुस्तकभर सूचना त्याच त्या, जेमतेम दहा-पंधरा क्रियापदं. 'एस्कुचा' म्हणजे ऐका, 'ले-ए' म्हणजे वाचा, 'एस्क्रीबे' म्हणजे लिहा. 'कोम्प्लेता' म्हणजे रिकाम्या जागा भरा, 'रेलासिओना' म्हणजे जोड्या लावा, 'सुब्राया' म्हणजे अधोरेखित करा. बघा, आपली चौथीची प्रश्नपत्रिकाच आहे ही. एका कागदावर ही यादी करा, पुस्तकाच्या पहिल्या पानाला चिकटवा आणि तो एक दिवस दुसरं काही करू नका. दुसऱ्या दिवशी तेच पान इतकं परकं वाटणार नाही.

फक्त एक सूचना एकट्याने पाळता येत नाही, ती म्हणजे 'कोन तू कोम्पान्येरो', तुझ्या सोबत्याबरोबर. अशा पुस्तकात पानोपानी ती भेटते. घरी शिकणारा ती ओलांडून पुढे जातो, आणि पुस्तक संपवूनही त्याला तोंड उघडता येत नाही. दोष मग पुस्तकाला लागतो. तुम्हाला सोबती शोधावा लागेल, त्याला इलाज नाही. आठवड्याला एक तास ऑनलाइन शिकवणी लावा. दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसचे, म्हणजे स्पॅनिश शिकवणाऱ्या स्पेनच्या सरकारी संस्थेचे वर्ग ऑनलाइनही असतात, पण शिफ्टमुळे ते जमणार नसतील तर पुण्या-मुंबईत वरच्या पातळ्या पूर्ण केलेली मुलं-मुली खासगी शिकवण्या घेतात. त्यांना सांगा की मला व्याकरण शिकवू नका, ते मी घरी बघतो. माझ्यासोबत फक्त ही सोबत्यावाली पानं करा. साहेब परीक्षेची फी देणार आहेत, तर या शिकवणीचेही पैसे मागून बघा. तोंडी भाग सोबत्याशिवाय तयार होत नाही, हे कारण त्यांना पटेल.

पटवायला आकडे हवेत तर हे घ्या. देले (DELE) ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा, तिच्या ए-वन पातळीत वाचन आणि लेखन हा एक गट, ऐकणं आणि बोलणं हा दुसरा. प्रत्येक गटाला ५० गुण आणि दोन्ही गटांत वेगवेगळे किमान ३० हवेत. तुम्ही रेग्युलेटरीतले, कागद वाचण्यात मुरलेले. पहिल्या गटात ४८ मिळवाल आणि दुसऱ्यात २७ आले की नापास. एकूण ७५ झाले म्हणून कुणी सोडत नाही. साहेबांना 'ए-वनची परीक्षा' म्हणजे नेमकी कोणती हवी आहे तेही विचारून घ्या. सिएले नावाची दुसरी एक संगणकावरची परीक्षा आहे. तिच्यात पास-नापास नसतं, मिळालेल्या गुणांवरून पातळी ठरते, पण तिचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. देलेच्या प्रमाणपत्राला मुदत नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला त्या शेकडो मतांत सापडणार नाही. इंग्रजीत मतं लिहिणारे बरेचसे आयुष्यभर इंग्रजीच बोलत आलेले असतात. 'अमुक युनिटनंतर पुस्तक अचानक अवघड होतं' असं ते लिहितात तेव्हा अवघड काय वाटलं ते बघा. बहुतेक वेळा ते आवडी-निवडींचं युनिट असतं. इंग्रजीत 'मी आंबा आवडतो' अशा धाटणीची वाक्यरचना, आणि स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. आवडणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करून क्रियापद आंब्याच्या मागे का जातं, हे त्यांना कळता कळत नाही. तुम्हाला? मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. संपलं युनिट. माणसं कर्म म्हणून आली की त्यांच्याआधी एक 'आ' लावावा लागतो, त्यावरही तिकडे रडारड असते: 'बी ला कासा', पण 'बी आल निन्यो'. आपण घर पाहिलं म्हणतो आणि मुलाला पाहिलं म्हणतो, त्यातलाच प्रकार. विशेषणाने नामाचं लिंग-वचन उचलणं, 'मी', 'तू' न लावता नुसत्या क्रियापदावर भागवणं, घरातल्याला 'तू' आणि साहेबाला वेगळं सर्वनाम, हे सगळं आपण रोज करतो. उच्चारांचंही तसंच. त्यांचे त आणि द आपल्यासारखे दातांवरचे, आणि 'प'चा 'फ'कडे झुकणारा उच्चार इंग्रजांना मोडावा लागतो, आपल्याला नाही.

याचा अर्थ सगळंच फुकट मिळेल असा नाही. मराठी माणूस अडतो तो भलत्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल इंग्रजी मतांत चकार शब्द नसतो. नामाआधीची 'एल, ला, उन, उना' ही उपपदं आपण हमखास गाळतो, कारण मराठीत ती नाहीतच. शब्दयोगी अव्ययं नामानंतर लावायची सवय असल्यामुळे सुरुवातीला वाक्य उलटं सुटतं. आणि 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन क्रियापदं, आपल्याकडे दोन्हीला एकच 'आहे'. तो डॉक्टर आहे, तो आजारी आहे, गोदाम वाळूजला आहे: पहिल्याला सेर, उरलेल्या दोघांना एस्तार. पुस्तक सेर पहिल्या युनिटातच आणून बसवेल आणि एस्तार मागाहून कुठेतरी सरकवेल. तिथे घाई केलीत तर पुढे प्रत्येक वाक्यात अडखळाल. माझा अनुभव असा की आवडी-निवडींचं युनिट आपल्या लोकांनी दोन बैठकांत उरकावं आणि वाचलेला वेळ इथे घालवावा.

'वोसोत्रोस'ची तक्रारही तुमच्या वाचनात आली असेल. स्पेनच्या पुस्तकांत क्रियापदाच्या तक्त्याला सहा ओळी असतात. पाचवी ओळ 'तुम्ही सगळे', पण ती मैत्रीतली आणि स्पेनपुरती. मेक्सिको, कोलंबिया, पेरूमध्ये तिथे 'उस्तेदेस' चालतं. तुम्ही पाचवी ओळ ओळखण्यापुरती वाचा, पाठ करू नका. परीक्षेत लॅटिन अमेरिकेची रूपं वापरलीत तरी गुण जात नाहीत, मात्र एकदा इकडचं आणि एकदा तिकडचं अशी भेळ करू नका.

आता त्या जुन्या 'मॅजिक की' पुस्तकाबद्दल. मार्गारिता माद्रिगाल यांचं हे पुस्तक १९५३ चं आहे आणि त्यातली चित्रं अँडी वॉरहॉलची, पुढे जगभर गाजला तोच अमेरिकी चित्रकार. त्यावरची भांडणं मी वाचली आहेत आणि तिथेही दोन्ही बाजू खऱ्या आहेत. भाषा जुनी, ऑडिओ नाही, 'तू'पेक्षा अदबीच्या 'उस्तेद'वर भर, त्यामुळे गप्पा मारायला शिकू पाहणारा कॉलेजचा मुलगा कंटाळतो. पण तुमच्या टेबलावर येणाऱ्या पत्रात तुम्हाला 'तू' म्हणणार आहे कोण? 'उस्तेद'च येणार. शिवाय हे पुस्तक सुरुवातीलाच इंग्रजीशी जुळणारे शब्द हाताशी देतं: 'शन'ने संपणारा इंग्रजी शब्द स्पॅनिशमध्ये 'सिओन'ने संपतो, अशा युक्त्या. भूतकाळही फार लवकर आणतं. आता एखादं खात्याचं पत्र आठवा. अमुक तारखेला अर्ज सादर केला, तमुक कागद मागितला, स्थिरतेचा तपशील अपुरा आढळला, सगळा भूतकाळ आणि सगळे जुळणारे शब्द: 'दोसिस', 'एस्ताबिलिदाद', 'सेर्तिफिकादो', 'रेहिस्त्रो सानितारिओ' (औषधाची सरकारी नोंदणी). तुमचं मुख्य पुस्तक पहिल्या पातळीत भूतकाळाला उशिरा आणि वरवर हात लावेल. तोवर ते तुम्हाला कुटुंबाची ओळख, बाजारहाट आणि हॉटेलातली ऑर्डर शिकवत बसेल, जे परीक्षेला लागतं, पत्राला नाही.

तेव्हा माद्रिगालबाईंचं पुस्तक घ्या, पण जोडीला. रोजचा मुख्य वेळ नव्या पुस्तकाला, आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-तीन पानं याची. नुसतं यावर विसंबलात तर ऐकण्याच्या भागात काय होईल ते वरच्या गुणांवरून तुम्हीच ताडा. याशिवाय तिसरं पुस्तक नको. त्याच्याही पानाखाली पाच तारे आणि एक तारा असणारच आहे.

आणखी एक वही करा, आणि ही तुम्हाला कुठलंच पुस्तक देणार नाही. मेक्सिकोच्या कोफेप्रिस, कोलंबियाच्या इन्विमा आणि पेरूच्या दिहेमिद या औषध-नियंत्रण खात्यांची जुनी पत्रं कंपनीच्या फायलीत भाषांतरासकट पडलेली असतील. रोज एक परिच्छेद घ्या, दोन्ही शेजारी ठेवा. एकाच गोष्टीला देशागणिक शब्द बदलतात हे तिथेच दिसेल. औषध कधीपर्यंत वापरायचं त्या तारखेला मेक्सिकोत 'फेचा दे कादुसिदाद' म्हणतात, कोलंबिया आणि पेरूत 'फेचा दे बेन्सिमिएन्तो'. गोळीला स्पेनचं पुस्तक 'कोम्प्रिमिदो' म्हणेल आणि तुमच्या पत्रात बहुधा 'ताब्लेता' असेल. हे सुरुवातीच्या पुस्तकात नाही म्हणून त्याचा एक तारा कापू नका, त्याचं ते कामच नाही.

भावाला सांगा, ॲप बसमध्ये शब्द घोकायला ठीक आहे. त्यापलीकडे त्याबद्दल भांडायला मला वेळ नाही.

राहिला ता. क. देवनागरीत उच्चार लिहिण्याला मी तरी वाईट सवय म्हणणार नाही. स्पॅनिशचे पाच स्वर देवनागरीत इंग्रजीपेक्षा कितीतरी चोख बसतात. पहिला महिनाभर खुशाल लिहा, फक्त दोन गोष्टी सांभाळा. शब्दाच्या अखेरचा स्वर पूर्ण उच्चारा, मराठीसारखा 'अ' गिळू नका. आणि जोर कुठल्या अक्षरावर आहे ते देवनागरीत दिसत नाही, म्हणून त्या अक्षराखाली रेघ ओढत चला. तुमच्या कामात ती रेघ फार महत्त्वाची आहे. 'सोलिसितो' या शब्दात जोर 'सि'वर असेल तर अर्थ होतो 'मी विनंती करतो'. जोर शेवटच्या 'तो'वर गेला, म्हणजे स्पॅनिश लिपीत अखेरच्या ओ वर तिरकी रेघ आली, तर 'त्यांनी मागणी केली' असा होतो. खात्याने तुमच्याकडे काही मागितलंय की तुमच्याच जुन्या अर्जातलं वाक्य उद्धृत केलंय, हे त्या एका रेघेवरून ठरतं. तेवढी रेघ वहीत पहिल्या दिवसापासून ओढा. महिन्यानंतर देवनागरी आपोआप मागे पडेल, रेघ राहू द्या.